कल्याणप्पांच्या नावाचं खातं

लोहाऱ्यात कल्याणप्पांची डाळमिल आहे. मिलच्या फाटकातच वजनकाटा, आणि काट्याला लागून एक खोली. त्या खोलीत शिवानंद बसायचा. तुरीची गाडी काट्यावर चढली की वजन, ओलावा, काडीकचऱ्याची कपात, शेतकऱ्याचं नाव-गाव असं सगळं संगणकात जाई आणि पावती बाहेर येई. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नसे. पण तो प्रोग्रॅम शिवानंदनं स्वतः लिहिला होता. बी.कॉम. होऊन तो कारकून म्हणून आला तेव्हा त्याला संगणक चालू-बंद करण्यापलीकडे फारसं येत नव्हतं. सोलापूरहून आणलेलं एक जाडजूड पुस्तक आणि सुगी सरल्यावर मिलमध्ये उरणारा रिकामा वेळ, एवढ्याच भांडवलावर त्यानं तो उभा केला. लेकरू वाढवावं तसा वाढवला, असं त्याची बायको उमादेवी म्हणायची, आणि त्यात कौतुकापेक्षा तक्रार जास्त असायची.

प्रोग्रॅम जपायची त्याची रीत मात्र भाबडी होती. दुरुस्ती केली की तो नवी प्रत काढून ठेवी. एकीचं नाव ‘काटा नवीन’, दुसरीचं ‘काटा नवीन शेवटचा’, तिसरीचं ‘काटा अगदी शेवटचा’. कोणती खरी शेवटची, हे कधीकधी त्यालाही सांगता येत नसे.

एका वर्षी ऐन तुरीच्या हंगामात अवकाळी वीज कडाडली आणि संगणक जळाला. पेनड्राइव्हवर होती ती जुनी प्रत. मधली सगळी दुरुस्ती शिवानंदला आठवून आठवून पुन्हा लिहावी लागली. तोवर पावत्या हातानं फाडल्या, गाड्यांची रांग तहसीलपर्यंत गेली आणि लोकांनी मिलचा उद्धार केला. कल्याणप्पा रागावले नाहीत. ते जळक्या डब्याकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “शिवानंद, एक तुझं डोकं अन् एक हा डबा. दोन्हीतलं एक गेलं तरी माझी मिल बंद.”

शिवानंदला ती शाबासकी वाटली. घरी जाऊन त्यानं ती उमादेवीला सांगितली. ऐकणारा आणि बोलणारा एकाच वाक्यात किती दूर उभे असतात, हे त्याला पुढं कळलं.

त्या वर्षीच्या वेळ अमावस्येला कल्याणप्पांची, म्हणजे अप्पांची, मुलगी मोनिका पुण्याहून आली. ती तिकडं सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. वेळ अमावस्येला आपल्याकडं गावात कुत्रंही राहत नाही, सगळे रानात. अप्पांच्या शेतात कडब्याचं खोपट, म्हणजे कोपी घातलेली, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले, बाहेर पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातल्या आंबिलीचं गाडगं. पूजा झाली की अप्पा पिकातून आंबील शिंपडत आरोळी देत फिरायचे, आणि गाडगं घेऊन त्यांच्या मागं चालायचा मान शिवानंदचा. तो कितीतरी वर्षांपासूनचा होता. सख्ख्या पुतण्यांना तो मिळाला नव्हता.

जेवणं झाल्यावर मोनिकानं विचारलं, “काका, तुमचा प्रोग्रॅम राहतो कुठं?”

“संगणकात. अन् पेनड्राइव्हवर.”

“अन् पेनड्राइव्ह?”

“देवघरात,” उमादेवीच म्हणाली. “बाळकृष्णाच्या मागं.”

मोनिका पोट धरून हसली. मग तिनं समजावून सांगितलं, की कोड ठेवायच्या ऑनलाइन जागा असतात. तिथं तुमचं लिखाण ठेवलं की इथं वीज पडो नाहीतर पूर येवो, त्याला धक्का लागत नाही. दहा जणांनी एकाच वेळी काम केलं तरी एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही. आज केलेली दुरुस्ती उद्या चुकीची निघाली तर कालच्यावर परत जाता येतं. ‘अगदी शेवटचा’ कोणता, हा प्रश्नच राहत नाही. तिच्या कंपनीत तर त्याशिवाय पान हलत नसे. शिवानंद हातातल्या शेंगा सोलायच्या विसरून ऐकत राहिला. इतकी वर्षं आपण अंधारात चाचपडत होतो आणि जगात दिवे लागलेले होते, असं त्याला वाटलं.

तिथंच कोपीच्या सावलीत तिनं लॅपटॉपवर खातं उघडलं. मालक म्हणून शिवानंदचं नाव घालायला लागली, तेव्हा त्यानं जीभ चावली. आपल्याकडं ट्रॅक्टर घेतला तरी पुढच्या काचेवर नाव वडीलधाऱ्याचं असतं. बोअर पाडली तरी नारळ थोरला फोडतो. अप्पा समोर बसलेले असताना आपलं नाव कसं घालायचं?

“अप्पांचं टाका ताई. मी खाली राहतो.”

“काका, हा नारळ न्हाय. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे सगळं मालकाच्या हातात असतं.”

“मग तर अप्पांचंच पाह्यजे.”

अप्पा मिशीत हसले. “नावाचं काय घेऊन बसलास? हे तुझंच हाय. उद्या बाहेरच्यांना दिलं तर तुझ्याच नावानं देऊ. काट्यावरनं ऊठ, अन् बसस्टँडसमोर तुझं हापिस थाट.” हे ते चारचौघांत बोलले. उमादेवीनं त्याच संध्याकाळी पाटी कोणत्या रंगाची असावी ते ठरवून टाकलं.

त्यानंतरचं वर्ष शिवानंदच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. अप्पांनी त्याला फिरायला लावलं. बाहेरच्यांना प्रोग्रॅम त्यांच्या कामाप्रमाणं बदलून द्यायचा, तर त्यांची माणसंही त्यात लिहिणार, म्हणून सगळ्यांनी कोड एकाच जागी ठेवायला हवा, हे तो समजावून सांगू लागला. मुळात लाजरा माणूस, पण या विषयावर त्याला वाचा फुटे. परंड्याच्या अडत्यानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. एक दुकान, एक संगणक, एक मुनीम. “माझी तिजोरी दुसऱ्याच्या घरी कशाला ठेवू?” असं तो म्हणाला, आणि त्याचं फार चुकत होतं असंही नाही. लोहाऱ्यातल्या एका पतसंस्थेनं मात्र लगेच होकार दिला, कारण व्याजाचं गणित कुणी, कधी आणि कशासाठी बदललं हे तपासनीस दर वर्षी विचारत असे आणि सगळे एकमेकांकडं बघत बसत. माकणीच्या शेतकरी कंपनीनंही प्रोग्रॅम घेतला. त्यांच्या शाखा वेगवेगळ्या गावांत, आणि प्रोग्रॅम सांभाळणारी पोरं टिकत नव्हती. त्यांच्या अध्यक्ष राजेश्वरीबाईंनी सरळ विचारलं होतं, की आमचा पोरगा पुण्याला पळाला तर काय?

तेव्हा शिवानंद त्याचं ठरलेलं वाक्य म्हणाला. “माणूस आज हाय, उद्या न्हाय. काम राह्यलं पाह्यजे. त्याच्यासाठीच ही सोय हाय.”

हे वाक्य सगळ्यांना पटे. हिशेबाला घाबरणारे, माणूस निघून जाईल म्हणून घाबरणारे आणि एकाहून जास्त हातांनी काम करणारे, असे तीन तऱ्हेचे लोक त्याचं ऐकून होकार देत. अप्पा काही वेळा त्याच्याबरोबर असत. मागच्या खुर्चीवर बसून ते वाक्य ऐकत आणि मान हलवत.

दिवाळीत अप्पांनी काट्यावर नवा संगणक दिला आणि जुना उचलून नेला. नव्यात फक्त चालणारा प्रोग्रॅम होता, त्याचं लिखाण नव्हतं. लिहायचं ते खात्यात शिरून लिहायचं, असं मोनिकानं फोनवर सांगितलं. शिवानंद हरखून गेला होता. पेनड्राइव्हवर प्रत काढणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

वेळ अमावस्येच्या आदल्या सकाळी त्यानं अप्पांच्या खात्याखालचं स्वतःचं खातं उघडलं. त्याचं नाव होतं, पासवर्ड चालला, पण आत काहीच नव्हतं. प्रोग्रॅमचा पत्ता टाकला तर असं पानच नाही, असं उत्तर आलं. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असंसुद्धा नाही. पानच नाही. त्याला आधी वाटलं, इंटरनेट गेलं. मग वाटलं, आपल्याच हातून काही पुसलं गेलं. त्यानं मोनिकाला फोन लावला, तिनं उचलला नाही. अप्पांना लावला, तर ते म्हणाले, “उद्या शेतात ये, जेवता जेवता बोलू. उमादेवीला आण.” आवाज नेहमीसारखाच मायेचा होता.

उमादेवी मात्र गेली नाही. ती म्हणाली, “माझा पाय उचलत न्हाय. तुम्ही विचारून या.”

शेतात सगळं तसंच होतं. कोपी, पांडव, भज्जीचा वास. मोनिका आली होती, पण ताटं मांडण्यात फार गुंतल्यासारखी दिसत होती. शिवानंदनं अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, तर त्यांनी काही लपवलं नाही. पुण्याच्या एका कंपनीनं प्रोग्रॅम विकत घेतला होता. माकणी, पतसंस्था, पुढं येणारे सगळे आता त्यांच्याकडं. कागद झाला होता, आणि कागद झाल्यावर बाहेरच्याला आत ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तुझी काट्यावरची जागा तशीच हाय, त्याला कुणी हात लावणार न्हाय, असंही अप्पा म्हणाले.

“पण अप्पा, बाहेरचा म्हंजे मी?”

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, तूच गावोगाव सांगत फिरलास. माणूस आज हाय, उद्या न्हाय. मला ते लई पटलं.”

“ते मी माझ्याबद्दल नव्हतं सांगितलं.”

“मग कुणाबद्दल?”

आपण हे सांगत होतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते शिवानंद आठवू लागला. पुण्याला पळणारी पोरं होती. परंड्याचा मुनीम होता. आपण स्वतः कुठंच नव्हतो. मागच्या खुर्चीवर बसलेल्या अप्पांच्या डोळ्यांसमोर मात्र पहिल्यापासून एकच माणूस होता, जळक्या डब्याशेजारी उभा असलेला.

मोनिका जवळ आली. तिच्या हातात भज्जीचं पातेलं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही. “काका, मी तुम्हाला सांगितलं होतं त्या दिवशी,” ती हळू आवाजात म्हणाली. “मालकाच्या हातात काय असतं ते.”

“व्हय ताई, सांगितलं होतं. माझं नाव कुणी काढलं?”

ती पातेलं घेऊन ताटांकडं वळली. अप्पांना तर मोबाइलवर आलेला फोटोसुद्धा नीट उघडता येत नसे. शिवानंदनं पुन्हा विचारलं नाही.

पूजा झाली. अप्पांनी डोक्याचा रुमाल नीट केला आणि मागं वळून, दर वर्षी हाक मारत तशीच हाक मारली. “शिवानंद, चल, गाडगं उचल. तुझा मान हाय.”

पुतणे बघत होते. गाडग्याच्या तोंडाशी हरभऱ्याचा ढाळा बांधलेला होता. शिवानंद दोन पावलं पुढं आला, वाकला, आणि मग तसाच सरळ झाला.

“मान राहू द्या, अप्पा.”

अप्पांना वाटलं, पाठ भरली असेल. ते तसं म्हणालेही. पण तो तोवर बांधावर पोचला होता. मागनं मोनिकाची हाक आली, जेवून तरी जा म्हणून. वेळ अमावस्येला भरल्या शेतातून कुणी उपाशी उठत नाही. शिवानंद उठला, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटत राहिलं, जणू गुन्हा त्यानंच केला होता.

रस्त्यावर जीप नव्हती, एसटी नव्हती. लोहारा रिकामं पडलं होतं आणि दोन्ही बाजूंची रानं माणसांनी भरली होती. तो चालत राहिला. डोक्यात सारखं तेच येत होतं, पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीपुढच्या पाचशे ओळी तरी आठवतील का, हजार आठवतील का. वीज पडली तेव्हा आठवल्या होत्या. पण तेव्हा आपलं आहे म्हणून आठवलं होतं.

एका कोपीपाशी हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी उभी होती. रीतीप्रमाणं तिनं हाक मारली. “अवो पाव्हणं, आंबील पिऊन जावा.” तो नको म्हणाला. ती ऐकेना. शेवटी तो बांध ओलांडून आत गेला आणि कडब्यावर बसला. म्हातारीनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

“कुणाकडं आला होता?”

शिवानंदनं तांब्या तोंडाला लावला. आंबील थंडगार होती, जिऱ्याचा वास होता. सगळी पिऊन झाल्यावर त्यानं रिकामा तांब्या पुढं केला आणि आणखी थोडी मागितली.