टेबलाशी बसून भरलेल्या चार गल्ल्या

मित्रांनो, शहराच्या पूरनियंत्रण कक्षातल्या कपाटात, तळाच्या खणात पडून असलेला जुना टॅब मी. माझ्या काचेला तडा गेला आहे, बॅटरी तासभरही टिकत नाही. स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे, आणि तोच माझा त्रास आहे.

एके काळी माझा थाट होता. मोजणीवाल्या ताई मला गळ्यात अडकवून गल्लोगल्ली हिंडत. उंबरा रस्त्यापासून किती उंच, गटार वाहतं की तुंबलेलं, तळमजल्यावर कुणी म्हातारं माणूस आहे का, हे सारं त्या माझ्यात भरत. मग मी नकाशा रंगवी. पाणी शिरेल ती गल्ली लाल, वाचेल ती हिरवी. पूर आला की लाल गल्ल्यांतली माणसं आधी हलवायची, असा नियम होता. कक्षाचे साहेब माझं कौतुक करत आणि मी फुशारून जाई. रंगवतो मी, पण पाहतात त्या ताई, हे मी विसरलोच.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी चार गल्ल्या उरल्या. साहेबांना नकाशा दुपारच्या बैठकीत हवा होता. ताईंनी त्या चारही टेबलाशी बसूनच भरल्या. त्यांतली एक त्यांच्या मावशीची. ताईंचं लहानपण तिथेच गेलेलं, त्यामुळे खडा न् खडा माहिती. गटार उघडं आहे, वाहतं आहे, असं त्यांनी बेधडक भरलं. मी गल्ली हिरवी केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या पावसाळ्यात नदी फुगली. लाल गल्ल्या सकाळीच रिकाम्या झाल्या. मावशीच्या दारी कुणी गेलं नाही. दुपारी तिच्या घरात छातीभर पाणी होतं. शेजाऱ्यांनी खिडकीचे गज कापून तिला बाहेर काढलं. ताई धावत शाळेतल्या निवाऱ्यात पोहोचल्या, तेव्हा ती बाकावर कुडकुडत बसली होती. ती रागावली नाही.

"गटारावर दोन वर्षांपूर्वीच फरशी टाकली गं," ती म्हणाली. "खाली सगळा गाळ साठलाय. एक फोन करून विचारायचंस की."

ताईंनी मला उघडून ती हिरवी गल्ली पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गल्ली लाल केली. उरलेल्या तीन पायी फिरून पाहायच्या होत्या, तोच त्यांची बदली झाली. त्या तीन न पाहताच भरल्या आहेत, असं जाताना त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब "बघू" म्हणाले आणि ते बघणं राहूनच गेलं. माझी माहिती नव्या टॅबमध्ये जशीच्या तशी उतरवली गेली.

मित्रांनो, त्या तीन गल्ल्या अजून हिरव्याच आहेत. तिथेही तळमजल्यावर माणसं राहतात आणि निर्धास्त झोपतात. मला ओरडून सांगता येत नाही. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. आपल्या गल्लीतलं गटार एकदा वाकून बघा. मग या कक्षात या आणि विचारा, आमची गल्ली पाहायला कोण आलं होतं?