ह्यांना काही झालं तर

फोरमननी गाडी बांधायला घेतली तेव्हा त्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवून जेमतेम चार महिने झाले होते. स्प्रिंगा हा त्यांचाच शब्द. डॉक्टर स्टेंट म्हणत, पण बसच्या बॉड्या बांधण्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला तो शब्द काही पटत नव्हता. निवृत्त झालो की एक जुनी मिनीबस घ्यायची, आतून तिचं घर करायचं आणि जिथे रस्ता संपतो तिथे खुर्ची टाकून बसायचं, हे त्यांनी लग्नाआधीपासून ठरवून ठेवलं होतं. दोन स्प्रिंगांपायी तो बेत मोडायला ते तयार नव्हते.

बायकोला ते सिस्टर म्हणत. ह्यावरून चारचौघांत बरीच थट्टा होई, पण इलाज नव्हता. ओळखच दवाखान्यात झालेली. फोरमनचा अंगठा पत्र्यात सापडला होता आणि टाके पडत असताना त्यांनी इतकं आकांडतांडव केलं की "गप्प पडा, नाहीतर तोंडालाही दोन घालायला सांगते," असं सिस्टरनी त्यांना सुनावलं होतं. फोरमन तेव्हा गप्प झाले ते आजतागायत. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणे, मग नवऱ्यानेच काय घोडं मारलं होतं?

"जायचं तर जाऊ," सिस्टर म्हणाल्या. "पण दवाखान्यापासून लांब जायचं असेल तर दवाखाना बरोबर न्यायचा."

त्यांची सव्वीस वर्षं अपघात विभागात गेली होती. दारातून कोण कोणत्या अवस्थेत आत येईल ह्याचा नेम नाही, ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. फोरमननी बांधलेल्या गाडीत भांड्यांसाठी एक कप्पा आणि औषधांसाठी तीन, अशी वाटणी झाली. कप्प्यांत अकरा पाकिटं. प्रत्येकावर सिस्टरच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी. ह्यांच्या छातीत कळ आली तर. ह्यांना घेरी आली तर. हे पडले तर. ह्यांना भाजलं तर. ह्यांच्या पोटाने संप केला तर. ह्यांना काही चावलं, डसलं, सुजलं तर.

लेकीने व्हिडिओवर ते कपाट पाहिलं आणि म्हणाली, "आई, सगळं बाबांचंच? तुला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीय?" सिस्टर म्हणाल्या, आणि फोरमन हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली, पण तेव्हा हसले खरे. सिस्टर आजारी पडलेल्या त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. आजारी पडणं हे त्या घरात पहिल्यापासून फोरमनचं खातं होतं.

गाडीत सिस्टरचे दोन नियम होते. पहिला, मुक्कामाला गाडी उभी करताना तिचं तोंड दवाखान्याच्या रस्त्याकडेच हवं. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फळा होता आणि नव्या जागी गेल्यागेल्या त्यावर खडूने लिहिलं जाई: दवाखाना किती किलोमीटर, सुट्टीला उघडा असतो का, फोनला रेंज कुठे येते. फोरमननी गाडी बांधताना मोठ्या काचा बसवल्या होत्या त्या बाजूला आणि पुढे, मागे नाही. त्यामुळे गाडीमागे डोंगर असो की दरी, सकाळी उठून त्यांना समोर दिसायचा तो रस्ता.

"एवढं सरोवर बघायला आलो," ते कुरकुरत, "आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं."

"खुर्ची उचला आणि मागे नेऊन ठेवा. गाडी हलणार नाही."

दुसरा नियम रविवारच्या तालमीचा. दर रविवारी सकाळी चहाआधी फोरमननी दोन बाकांच्या मधल्या जागेत जमिनीवर आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. मग सिस्टर एखादं पाकीट काढत आणि कामाला लागत. हात चालेल तसं तोंडही चाले, कारण अपघात विभागात त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, जे करायचं ते मोठ्याने बोलायचं. म्हणजे स्वतःची चूक होत नाही, आणि आपण मध्येच कोसळलो तर पुढच्याला कळतं कुठवर आलं होतं. "घड्याळ बघते. नऊ पाच. खांद्याला हलवते. श्वास बघते." फोरमनना खालून हे सगळं अंगाईसारखं वाटे. कधीकधी ते चक्क घोरू लागत. शेवटी सिस्टर त्यांची नाडी मोजत, मनगट खाली ठेवत आणि म्हणत, "पेशंट वाचला. उठा, चहा टाका."

एकदा फोरमन म्हणाले होते, "एखाद्या रविवारी मला सिस्टर होऊ दे की."

"तुम्हाला काय करायचंय? पेशंट आहात, पेशंटसारखे पडून राहा."

दोघंही आपापल्या कामात इतकी वाकबगार, आणि तालमीत एवढं मोठं भोक राहिलं ते दोघांपैकी एकालाही दिसलं नाही.

सरोवरावर दहा दिवस झाले होते. आसपास माणूस नव्हता. फळ्यावर लिहिलं होतं: दवाखाना ५८, कायम उघडा. रेंज १४, वळणावर, डाव्या हाताला. अकराव्या दिवशी उन्हं तापली म्हणून सिस्टर गाडीच्या बाजूला गुंडाळलेलं कापडी छत उघडायला गेल्या. दहा दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता आणि घडीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. तीन डंख मानेला बसले, एक कानामागे.

"काही नाही, माश्या आहेत," मान चोळत सिस्टर आत आल्या. "तुम्ही बाहेर जाऊ नका. तुम्हाला चावल्या तर पंचाईत."

फोरमननी ओला रुमाल दिला. पाच मिनिटांत सिस्टरच्या हातांवर गांधी उठल्या. मग ओठ सुजला. मग त्या म्हणाल्या, "अहो, ते पा..." आणि पुढचा शब्द बाहेर आलाच नाही. घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत खाली बसल्या, बाकाला पाठ टेकली, आणि त्यांनी कपाटाकडे बोट केलं.

फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कपाट उघडलं. अकरा पाकिटं, अकरा चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर ते स्वतः. ह्यांना, ह्यांच्या, हे. सिस्टरसाठी तिथे कापसाचा बोळासुद्धा नव्हता. चावलं-डसलं-सुजलंचं पाकीट त्यांनी काढलं, त्यातून इंजेक्शनची दोन जाड पेनं निघाली, आणि त्यांना कळेना की हे त्यांच्या नावावर लिहून दिलेलं औषध तिला चालतं का, टोचायचं कुठे, आधी काय आणि मग काय. आयुष्यभर ज्या आवाजाने त्यांना काय करायचं ते सांगितलं तो आवाज समोर बसला होता आणि बंद पडला होता.

"सिस्टर, सांग ना गं," ते म्हणाले. सिस्टरचे डोळे मिटू लागले होते.

उभ्याने काही आठवत नव्हतं. कसं आठवणार? हे सगळं त्यांनी उभ्याने कधी ऐकलंच नव्हतं. मग ह्या माणसाने काय केलं, तर सरळ आपल्या नेहमीच्या जागी, बायकोच्या पायाशी जमिनीवर पाठ टेकली आणि डोळे मिटले. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ह्या संकटात हा झोपतोय काय! पण डोकं जमिनीला लागलं मात्र, आणि वरून नेहमीचा आवाज आला. घड्याळ बघते. श्वास लागलाय, म्हणून टेकून बसवते, पाय लांब. पेन काढते. वजनबिजन बघत बसत नाही, मोठ्या माणसाला एक पेन. मागची टोपी काढते. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, कपड्यावरूनच. दाबते, दहा मोजते.

फोरमन ताडकन उठले.

"घड्याळ बघतो," ते मोठ्याने म्हणाले. "दहा चाळीस. टेकून बसवतो. पाय लांब करतो. टोपी काढतो." जागा शोधावी लागली नाही. दर महिन्यातल्या एका रविवारी सिस्टर खऱ्या पेनाऐवजी टोपी लावलेला फळ्याचा खडू त्यांच्या मांडीत रुतवत, ती जागा त्यांच्या मांडीला पाठ होती. त्यांनी आधी आपल्या मांडीवर बोट टेकलं, मग तिथेच सिस्टरच्या मांडीवर पेन दाबलं. "एक, दोन, तीन," त्यांचा आवाज चिरकत होता, "नऊ, दहा. काढतो. चोळतो. बरं वाटलं तरी दवाखाना. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं. दुसरं खिशात ठेवतो."

सिस्टरना बाकावर टेकवून, पायांखाली उशा घालून त्यांनी पट्टे आवळले. बसच्या सीटचेच पट्टे होते, स्वतः ठोकलेले. बाहेर खुर्च्या, किटली, दोरीवरचे कपडे, सगळं तसंच टाकलं आणि किल्ली फिरवली. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. मागे घ्यायची नव्हती, वळवायची नव्हती. ज्या रस्त्याला ते दहा दिवस नावं ठेवत होते तो समोर सरळ पडला होता, आणि फोरमनना त्याक्षणी बायकोवर इतकं प्रेम दाटून आलं की त्यांना पहिला गिअर पडेना.

"पहिल्यात टाकतो," ते ओरडले. बोलणं थांबवायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. "सिस्टर, ऐकू येतंय का? येत असेल तर पत्र्यावर टकटक कर."

बराच वेळ काही नाही. मग मागून एक टक.

"दुसऱ्यात टाकतो. छताची काठी फरफटतेय, फरफटू दे. तिसऱ्यात टाकतो. दहा शेहेचाळीस. श्वास कसा आहे? बरा असेल तर दोनदा वाजव."

टक. टक. फोरमनचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. चौदाव्या किलोमीटरला वळणावर डाव्या हाताला गाडी लावली. रेंज होती. तिथून त्यांनी दवाखान्याला सांगितलं ते सगळं सिस्टरच्याच भाषेत: गांधीलमाशी, चार डंख, पहिलं पेन दहा चाळीसला, दुसरं शिल्लक आहे, श्वास मोकळा होतोय. पलीकडच्या माणसाने रुग्णवाहिका सोडली आणि ती त्यांना अर्ध्या वाटेत भेटली.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने लेकीएवढी होती. सिस्टरना सलाईन, ऑक्सिजन लावून ती बाहेर आली तेव्हा फोरमन बाकावर पेनची टोपी मुठीत धरून बसले होते.

"धोका टळलाय काका. आजचा दिवस इथेच ठेवू," ती म्हणाली. "अगदी वेळेवर आणि बरोबर दिलंत. कुठे शिकलात?"

"शिकलो नाही हो," फोरमन म्हणाले. "मी पेशंट होतो." आणि मग त्यांना जे रडू कोसळलं ते त्या पोरीने पाण्याचा ग्लास आणून दिला तरी आवरेना.

संध्याकाळी सिस्टरचा आवाज आला, खरखरीत का होईना. पहिलं वाक्य "खुर्च्या तिथेच टाकल्यात ना?" असं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच काही होईल ह्या भीतीने मी इतकी वर्षं काढली. मला काही झालं तर तुमचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही."

फोरमननी त्यांच्या तोंडून "चुकलं" हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. एरवी त्यांनी त्याचा महिनाभर पाठपुरावा केला असता. त्या दिवशी त्यांनी फक्त पांघरूण नीट केलं.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा सरोवरावर उभी होती, तोंड रस्त्याकडेच. सिस्टर आपणहून दोन बाकांच्या मध्ये आडव्या झाल्या.

"करा. आणि मोठ्याने बोला."

पेशंट म्हणून सिस्टर अगदीच वाईट निघाल्या. दर वाक्याला एक डोळा उघडून म्हणायच्या, "आधी घड्याळ," नाहीतर, "अंगठा बाजूला घ्या."

"पेशंट बोलत नसतो," फोरमननी दटावलं. त्यांनी टोपी लावलेला खडू मांडीवर दाबला, दहा मोजले, सगळं सांगून झालं, आणि शेवटी मनगट हातात घेतलं. तालीम संपली होती. एकच वाक्य उरलं होतं. सिस्टर वाट बघत राहिल्या.

"अहो, म्हणा ना. पेशंट वाचला."

"थांब जरा. नाडी मोजतोय."

मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं आणि आकडा विसाच्या पुढे कुठेतरी हरवला होता. फोरमन तरीही मनगट धरून बसून राहिले. सिस्टरना ते कळत होतं, सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? पण चूक काढायला त्यांनी डोळा उघडला नाही, आणि हातही सोडवून घेतला नाही.