आठातून वजा

"बाई, सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म काढा बरं," सर केबिनमधून ओरडले. "आपला पेपर ज्या मासिकाकडे गेलाय, त्यांच्या तपासनिसाला मूळ फॉर्म बघायचेत म्हणे. दहा-बारा, नमुन्यादाखल. नुसती कटकट!"

"काढते," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून कपाटापाशी गेल्या.

मानसशास्त्र विभागात बाईंची सव्वीस वर्षं झाली होती. लोकांनी भरलेले फॉर्म गोळा करायचे, आकडे कॉम्प्युटरला चढवायचे, गणित चालवायचं आणि उत्तर सरांपुढे ठेवायचं. मागून सगळे त्यांना 'आठवजा बाई' म्हणत. सात गुणांची मोजपट्टी कधी कधी उलटी छापलेली असते. मग तिच्यावरचा आकडा आठातून वजा करून घ्यावा लागतो. एकाचे होतात सात, दोनाचे सहा. संशोधन करणारी नवी मंडळी नेमकी हेच विसरत. बाई त्यांना दारातच अडवायच्या, "आठातून वजा केलंत का?" पुढे मोठे प्राध्यापक झालेले लोकसुद्धा बाई दिसल्या की आधी आपले आकडे आठवायचे म्हणे.

हा अभ्यास होता विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांवरचा. असं माणूस मेलेल्या भावाची वाट बघत बसतं, तेव्हा त्याची चूक दुरुस्त करावी की त्याच्या होला हो म्हणावं? आणि हे करणारं माणूस घरचं असलं की परकं असलं, यानं फरक पडतो का? दोन प्रश्न एकदम, म्हणून गट चार. अशा वेळी जी आकडेमोड करतात तिला पुस्तकात 'घटकीय प्रसरण-विश्लेषण' असं दात पाडणारं नाव आहे. विभागात सगळे 'टू-वे अनोवा' म्हणून मोकळे होत. तिची गंमत अशी, की काय केलेलं चांगलं एवढंच सांगून ती थांबत नाही, कुणी केलेलं चांगलं हेही सांगते. आलेखावरच्या दोन रेषा समांतर गेल्या, तर घरचं काय आणि परकं काय, सारखंच. एकमेकींना छेदून गेल्या, तर मात्र एकाच्या हातून जे औषध, तेच दुसऱ्याच्या हातून विष.

इथे रेषा चक्क छेदल्या होत्या. परक्यानं चूक दुरुस्त केली की म्हातारी माणसं बिथरत, घरच्यानं केली की शांत होत. सर तर हरखूनच गेले होते. आणि बाईंनी तो आलेख जपून घरी नेला होता.

घरी आई होती. रोज संध्याकाळी साडेसहाला ती दाराशी खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, "हे आले नाहीत का गं अजून?" हे म्हणजे बाईंचे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आधी बाई म्हणायच्या, "येतीलच इतक्यात." आई समाधानानं मान डोलवायची, थोड्या वेळानं विसरायची. पण आलेख आला त्या दिवसापासून बाईंनी खोटं बोलणं सोडलं. "आई, बाबा गेले. सहा वर्षं झाली." आईचा चेहरा त्या क्षणी जो व्हायचा, तो बघवायचा नाही. दर वेळी तिला ते पहिल्यांदाच कळत होतं.

दिवसभर आईपाशी राहणाऱ्या मावशींनी एकदा तोंडावर सांगितलं होतं, "ताई, कशाला हो रोज रडवता त्यांना? दोन घटका वाट बघितली तर काय बिघडतंय?"

"मावशी, हे अभ्यासानं सिद्ध झालंय," बाई म्हणाल्या होत्या. "घरच्यानं सांगितलं तर माणूस शांत होतं. जरा दम धरा."

आठ महिने बाईंनी दम धरला होता. आणि तीन आठवड्यांपूर्वी आईनं विचारणंच बंद केलं. नुसती खुर्चीत बसून राहायची. बाईंनी सरांना अगदी अभिमानानं सांगितलं होतं, "सर, माझ्या आईला लागू पडलं बघा!"

तर तो सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म. गट: घरचं माणूस, चूक दुरुस्त. कॉम्प्युटरमध्ये शांततेचे गुण सहा, म्हणजे जवळजवळ पूर्ण शांत. बाईंनी कागद उलटला. मागे निरीक्षण करणाऱ्या मुलीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मुलानं सांगितल्यावर आजोबा वीस मिनिटं रडत होते. पाणीही घेतलं नाही.'

बाईंनी अठ्ठेचाळीस काढला. एकोणपन्नास काढला. मग खाली फरशीवर बसकण मारून सगळा गठ्ठाच पसरला. घरच्यांच्या फॉर्मवर मोजपट्टी उलटी छापलेली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर चढवताना प्रत्येक आकडा त्यांनी हातानं आठातून वजा केला होता. कोपऱ्यात लाल खूण होती, त्यांचीच. मग?

त्यांनी उठून कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना उघडल्या. चौथ्या ओळीत, त्यांनीच लिहिलेलं: घरचे गट, आठातून वजा. चूक राहू नये म्हणून हातानं एकदा आणि मशीनकडून पुन्हा एकदा. दोनदा उलटवलेलं पुन्हा होतं तसंच झालं होतं. शांत माणसं अस्वस्थ ठरली होती आणि रडणारी माणसं शांत. सव्वीस वर्षं जगाला जे विचारलं, ते त्यांनी स्वतःच एकदा जास्त केलं होतं.

त्यांनी ती ओळ पुसली आणि गणित पुन्हा चालवलं. मनात एकच धावा चालला होता, रेषा छेदू देत, काहीही करून छेदू देत. नाही छेदल्या. दोन्ही रेषा शेजारी शेजारी खाली उतरत गेल्या. घरचं असो की परकं, चूक दाखवली की माणूस तुटत होतं. घरच्यांची रेषा तर जरा जास्तच खाली होती.

सरांनी स्क्रीन बघितली आणि कपाळाला हात लावला.

"चूक माझीपण आहे," ते म्हणाले. "मी फॉर्म उघडूनसुद्धा बघितले नाहीत. आत्ता कळवून टाकू त्यांना. पेपर मागे घेऊ. अजून छापला नाही, नशीब."

"पेपर मागे घेता येईल हो, सर," बाई म्हणाल्या. "मी रोज सांगत होते तिला. रोज दोनदा, तीनदा. आठ महिने! तिचे काय हाल झाले असतील. ते मी कुठल्या तोंडानं मागे घेऊ?"

"तुम्ही घरी जा," एवढंच सर म्हणाले.

बाई बस न घेता चालतच सुटल्या. आठवड्याचे सात दिवस, महिन्याचे तीस, डोक्यात आकडे आपोआप चालू होते आणि थांबवता येत नव्हते. पाचशेच्या पुढे गेल्यावर त्यांनी रस्त्यातच दोन्ही कानांवर हात ठेवले. आज विचारू दे तिनं, एकदाच विचारू दे. मी म्हणेन, येतीलच इतक्यात. रोज म्हणेन, मरेपर्यंत म्हणेन.

दार मावशींनी उघडलं. आई खुर्चीत बसली होती. साडेसहा वाजून गेले होते. बाई चपलांसकट आत गेल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या.

आई काही विचारेना. बाईंनी पाच मिनिटं वाट बघितली, दहा मिनिटं बघितली. मग त्यांना राहवेना.

"आई, बाबा येतीलच हं इतक्यात," त्या म्हणाल्या. "आज जरा उशीर झालाय त्यांना."

आईनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. हल्ली ती बाईंना कधी ओळखायची, कधी भलतीच कुणी समजायची. आज तिच्या डोळ्यांत कळवळा दाटून आला.

"अगं बाळ," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलंच नाही का?"



"मावशी, पाणी आणा हो हिला," आईनं हाक मारली. पाणी आलं. आईनं पेला स्वतःच्या हातानं बाईंच्या ओठाला लावला. "पी आधी. पूर्ण पी. बस अशी, माझ्याजवळ." तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश, एकेक शब्द जपत सांगितलं, "तुझे बाबा गेले गं. आता नाही यायचे ते."

बाई हमसून हमसून रडू लागल्या. इतक्या वेळा त्यांनी हेच वाक्य उभ्याउभ्या सांगितलं होतं, पर्स खांद्याला तशीच ठेवून. पाणी एकदाही दिलं नव्हतं.

आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग खाली वाकून, मावशींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं कानात म्हणाली, "आणि हे बघ, एवढं ऐक माझं. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिला नाही सोसायचं."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.