मास्तर दुपारी गाड्या चोरतात

दुपारी दोनला दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं, जेवणं उरकली, ताटं विसळून झाली, की मास्तर हात पुसत टीव्हीसमोर बसत आणि गाड्या चोरायला लागत.

ऐकून कुणी गैरसमज करून घेऊ नये. मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं इमानाने कपडे शिवून संसार केलेला माणूस. गिऱ्हाइकाच्या कापडातला उरलेला वीतभर तुकडासुद्धा घडी करून परत देणारा. पण लेकीने मागच्या खेपेला येताना गेमचं ते यंत्र आणलं, टीव्हीला जोडून दिलं, ‘बाबा, दुपारी डुलक्या काढण्यापेक्षा हे खेळा’ म्हणाली आणि आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली. तेव्हापासून मास्तर बिघडले.

गेम होता चोर-पोलिसांचा. अख्खं शहर मोकळं सोडलेलं. कुठेही जा, काहीही करा. होता नवाच, पण मुद्दाम जुना दिसेल असा केलेला. चित्रं जाड चौकोनी ठिपक्यांची, कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरल्यासारखी. चौकाचौकात टेलिफोनचे बूथ, गाड्या लांबलचक आणि टोकदार कोपऱ्यांच्या, रेडिओला कॅसेटची खरखर, आणि आकाश सदानकदा संध्याकाळचं, गुलाबी. टोळीचा म्होरक्या सारखा फोन करायचा, अमक्याला उचल, तमकी बँक लूट. मास्तर फोन घेतच नसत. ते कपड्यांच्या दुकानात असत.

“अगं, ही कॉलर बघ! लग्नाआधी अशा किती शिवल्यात मी. टोकं पार खांद्यापर्यंत. आणि ही पँट. खालचा घेर चोवीस इंच, एक दोरा कमी नाही.”

“तो टोळीवाला खोळंबलाय तिकडे.”

“खोळंबू दे. ट्रायल चाललीये.”

स्वयंपाकघराच्या दारातून बोलणारी ही मास्तरांची बायको. तिला सगळे मॅडम म्हणत. कपडे शिवणारा मास्तर आणि खरं शिकवणारी मात्र बायको, असं हे घर होतं. मॅडमनी बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. स्कूल म्हणजे एक गाडी, टपावर पाटी, आणि आत दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटसमोर, मॅडमच्या पायाशी. निम्मं गाव त्या गाडीत शिकलं. डॉक्टर शिकले, डॉक्टरांची सासूही शिकली. शिकले नाहीत ते एक मास्तर. तिसऱ्याच दिवशी ते भर रस्त्यात गाडीतून उतरले, “मला कातर बरी” म्हणाले आणि घरी चालत आले.

ती गाडी आता आठ महिने अंगणात झाकून उभी होती. आवरणही मास्तरांनीच शिवलेलं, आरशांना कानटोपीसारखे वेगळे खिसे काढून.

आठ महिन्यांपूर्वी एक नर्स शिकायला यायची. ड्यूटी संपवून तशीच, गणवेशावर. पोरगी हुशार पण भित्री. एका गल्लीच्या तोंडाशी सायकलवरचा पोस्टमन आडवा आला आणि तिने घाबरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मॅडमचा पाय त्यांच्या ब्रेकवर पडला. गाडी थांबली, पण पोस्टमनच्या पायाला लागल्यावर थांबली.

मॅडमना कुणीच दोष दिला नाही. पोस्टमनने स्वतः पोलिसांना सांगितलं, मी पाकिटावरचा पत्ता वाचत चाललो होतो. हाड जुळलं, चार महिन्यांत तो पुन्हा दारोदार पत्रं वाटू लागला. पण कामावर रुजू होण्याआधी तो गणवेशाच्या दोन पँटी घेऊन मास्तरांकडे आला. मॅडम दुकानात चहा द्यायला गेल्या तेव्हा पँट मेजावर पसरलेली होती आणि तिला टाचलेल्या चिठ्ठीवर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘डावा पाय, अर्धा इंच कमी.’

मॅडमनी चहा मेजावर ठेवला आणि बाहेर आल्या. त्याच संध्याकाळी टपावरची पाटी उतरवली. त्या मधल्या काळात नर्सचे तीन फोन येऊन गेले होते. एकही घेतला नव्हता. घेऊन बोलणार काय? आपला पाय उशिरा पडला, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. ज्या पायावर बावीस वर्षं लोकांनी डोळे झाकून विश्वास टाकला, तो आता भरवशाचा राहिला नाही. अशा पायाने दुसऱ्याच्या लेकराशेजारी बसायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आता गाडीला गिऱ्हाईकही मिळालं होतं. त्याला घरच्यांसाठी साधी गाडी हवी होती, जादा ब्रेक नको. शनिवारी सकाळी मेकॅनिक येऊन तो ब्रेक काढणार, असं ठरलं होतं. त्या शनिवारला अजून तीन आठवडे होते.

मास्तर मात्र गाड्या चोरत राहिले.

पहिले दोन दिवस मॅडमनी कानाडोळा केला. तिसऱ्या दिवशी राहवेना.

“काच फोडून? अहो, किल्ली नसते का?”

“चोर आहे तो.”

“चोर असला म्हणून काय झालं? आरशात बघून निघायला काय होतं त्याला? सिग्नल लाल आहे. लाल आहे सिग्नल! अहो…”

मास्तर विजेच्या खांबावर आदळले. पडदा काळा झाला आणि मग चोवीस इंची घेराचा तो गुंड हॉस्पिटलच्या दारात उभा दिसला, ठणठणीत.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

“इथे असंच. लागलं की हॉस्पिटल. बाहेर आलं की पहिल्यापासून.”

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. त्या खुर्ची ओढून तिथेच बसल्या, मास्तरांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी ताटं विसळायच्या आधीच बसल्या.

खरं तर त्यांना तो गेम आवडायला लागला होता, पण मेल्या असत्या तरी त्यांनी हे कबूल केलं नसतं. त्यातल्या गाड्या त्यांच्या तरुणपणातल्या होत्या. एक निळी चौकोनी तर हुबेहूब त्यांच्या पहिल्या गाडीसारखी. मास्तर ती चोरून समुद्राकडेच्या लांब रस्त्याला लागले, रेडिओवर सुरावट सुरू झाली, की मॅडमच्या खांद्यांवरचं ओझं उतरायचं. आठ महिन्यांत त्या कुठल्याच गाडीत बसल्या नव्हत्या. भाजीलासुद्धा पायी जायच्या. इथे मात्र खिडकीतून शहर मागे पळत होतं, कुठे पोचायची घाई नव्हती, आणि कुणाला धक्का लागलाच तर तो अंगावरची धूळ झटकून उठत होता. असं एक गाव असावं आणि तिथे जाऊन राहावं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

“तूच चालव ना जरा,” मास्तर रिमोट पुढे करायचे.

“मी नाही. मी आपली शेजारी बरी.”

शेजारी बसून तोंडाचा पट्टा मात्र अखंड. वळणाआधी वेग कमी करा. बसच्या मागून माणूस निघतो, ध्यानात ठेवा. आणि बोलता बोलता पाय फरशीवर आपटायचा, धप्प. पुढे ट्रक आला, धप्प. म्हातारी रस्त्यात उतरली, धप्प. मॅडमना स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा.

नवल म्हणजे मास्तर दिवसेंदिवस जास्तच वाईट चालवू लागले. पहिल्या आठवड्यात निदान सरळ रस्त्यावर सरळ जात. दुसऱ्या आठवड्यात हातगाड्यांत, कारंज्यात, बँडच्या मिरवणुकीत, जिथे म्हणून आदळता येईल तिथे आदळू लागले.

“माणूस सरावाने सुधारतो. तुम्ही बिघडताय!” मॅडम करवादल्या. “दोन्ही हातांनी धरा तो रिमोट. एक हात कुठे असतो तुमचा?”

“हात आखडतोय गं. वय झालं.”

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी मेकॅनिकचा फोन आला. सकाळी नऊला येतो म्हणाला, तासाभराचं काम आहे. मॅडम “बरं” म्हणाल्या आणि खुर्चीत येऊन बसल्या. मास्तरांनी गेम लावला नव्हता. टीव्ही बंद होता. ते मांडीवर अस्तराच्या काळ्या कापडाची पट्टी घेऊन बसले होते.

“हे काय घेऊन बसलात?”

मास्तरांनी पट्टी उलगडून मॅडमच्या मांडीवर पसरली. त्यावर शिंप्याच्या खडूने बारीक उभ्या रेघा ओढल्या होत्या, ओळीने, एकसारख्या अंतरावर, काजांच्या खुणा कराव्यात तशा. मधेच कुठे एखादी आडवी.

“तुझा पाय,” मास्तर म्हणाले.

“माझा पाय?”

“मी आदळायच्या बेतात आलो की तू पाय आपटतेस. आधी पायाचा आवाज आला आणि मग आदळलो, तर उभी रेघ. आधी आदळलो आणि मग पाय, तर आडवी. एका हाताने चालवायचो आणि दुसऱ्याने खडू.”

मॅडमना कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा त्या भडकल्याच.

“म्हणजे मुद्दाम आदळत होतात? तीन आठवडे माझी परीक्षा घेत होतात? शिकाऊ पोर आहे का मी?”

“घेत होतो.”

“आणि खुर्चीत बसून पाय आपटला म्हणजे गाडी थांबवली, असं वाटतं तुम्हाला?”

“मला गाडीतलं काय कळतंय? मी तिसऱ्या दिवशी उतरलेला माणूस.” मास्तर खडूचा तुकडा बोटांत फिरवू लागले. “पण तू झोपेतसुद्धा पाय आपटतेस गं. आठ महिने. मी जागा होतो आणि मला काही करता येत नाही. शिवून देण्यासारखं असतं तर शिवून दिलं असतं.”

मॅडमनी पट्टी हातात घेतली आणि एकेक रेघ बोटाने चाचपत मोजली. मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

“एकूण एकशे बारा,” मास्तर म्हणाले. “मोजल्यात मी.”

“आडव्या तीन आहेत.”

“तीन आहेत.”

“खोटं बोलायचं होतं. सगळ्या उभ्या काढायच्या होत्या.”

“मापात खोटं कसं बोलू? अंगावर बसत नाही ते.”

मॅडमना हसू यायला हवं होतं, पण डोळेच भरून आले. “त्या तीनमध्ये तुम्ही हॉस्पिटलच्या दारात उभे राहून पुन्हा चालायला लागलात. खऱ्यात तसं होत नाही.”

“नाही होत. ती पँट मीच आखूड केलीये ना. अर्धा इंच म्हणजे किती, ते मला विचार.” मास्तर जवळ सरकले. “त्या दिवशी उशीर झाला. झालाच. मी नाही म्हणत नाही. ती आडवी चौथी धर. पण बावीस वर्षांत ज्यांच्यासाठी पाय वेळेवर पडला, त्यांच्या पँटी माझ्याकडे आल्या नाहीत. ती माणसं आपापल्या वाटेने घरी गेली. त्यांना कळलंही नाही, तुलाही नाही. म्हणून म्हटलं, एकदा कुणीतरी तेही मोजावं.”

मॅडम रडल्या. अगदी पदर तोंडाशी धरून, आवाज दाबून वगैरे नाही, मोकळ्या रडल्या. पोस्टमन पडला त्या दिवसापासूनचं सगळं रडून घेतलं. मास्तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि खडूचे पांढरे डाग सगळ्या पाठीवर उमटले. चार वाजले. बाहेर अर्ध्या शटरवर कुणीतरी टकटक केली, “मास्तर, आहात का?” मास्तर उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने मॅडमनी तोंड धुतलं आणि मेकॅनिकला फोन लावला. ब्रेक काढायचा नाही म्हणाल्या. आठ महिने गाडी उभी आहे, दोन्ही ब्रेक नीट तपासून द्या. गिऱ्हाइकाला मी कळवते.

मास्तर खूश होऊन म्हणाले, “मग आता पहिला विद्यार्थी मीच. सोमवारपासून?”

“तुम्ही मुळीच नाही. एकशे बारा वेळा आदळलाय तुम्ही.”

फोन अजून त्यांच्या हातातच होता. त्यांनी एक नंबर शोधला आणि तो बराच वेळ नुसता बघत राहिल्या. मग लावला. पलीकडे दोनदाच वाजला.

“मॅडम?” नर्सचा आवाज आला, बारीक, विश्वास न बसल्यासारखा.

“काय गं, चालवतेस का कुठे?”

“नाही मॅडम. त्या दिवसानंतर हातच लावला नाही. तुम्ही फोन घेतला नाहीत ना, तेव्हाच समजले. तुम्ही माझ्यावर रागावलात. बरोबरच आहे. माझ्यामुळे तुमचं स्कूल बंद पडलं.”

मॅडम भिंतीला टेकल्या. आठ महिने त्या एकट्याच ते ओझं वाहत होत्या, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या टोकाला ही पोर तेच ओझं घेऊन रोज ड्यूटीवर जात होती आणि ते तिच्या डोक्यावर ठेवलं होतं मॅडमच्या न घेतलेल्या तीन फोननी.

“मी नाही गं रागावले. तुला तोंड दाखवायचा मलाच धीर नव्हता.”

“मॅडम, मी ब्रेक सोडून दुसरंच दाबलं.” पोरगी आता रडत होती. “इतकी सोपी गोष्ट, आणि मी…”

“ऐक. बावीस वर्षांत निम्म्या लोकांनी तेच केलंय. डॉक्टरांनी केलंय, त्यांच्या सासूने तर दोनदा. शिकणारा चुकणारच. म्हणून तर शेजारी मी असते.”