जावक क्रमांक ४१७

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पण मला ग्रंथालयात शोधू नका, तिथं माझ्यासारखीला कोणी विचारत नाही. अंबाजोगाईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मी असते. कॉलेजचं नाव सांगत नाही. खाल्ल्या मिठाला जागायची सवय आहे, जरी माझ्या वाट्याला मीठ कधी आलं नाही, आली ती नुसती खळ आणि शाई.

माझा जन्म लातूरच्या एका बाइंडरकडे झाला. चारशे पानं, लाल कापडी पाठ, आणि प्रत्येक पानावर सहा रकाने : क्रमांक, तारीख, कोणास, विषय, कसे पाठवले, आणि शेवटी शेरा. १९९४ च्या जानेवारीत शहादेव कारकुनानं पहिल्या पानावर 'श्री' काढला, हळदकुंकू वाहिलं आणि मला कामाला लावलं. लोक मला जावक रजिस्टर म्हणतात. कॉलेजातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्यात उतरतं आणि मगच गावाबाहेर पडतं. माझ्यात नोंद आहे म्हणजे पत्र गेलं, असं सगळे मानतात. मीही मानत होते.

शहादेवाचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि स्वभाव तेलासारखा. कुठंही अडकायचा नाही. त्याची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. रोज संध्याकाळी मला मिटण्याआधी तो एक ओळ कोरी सोडायचा. क्रमांक टाकलेला, पुढं सगळं मोकळं. उद्या कोणाला मागच्या तारखेचं पत्र लागलं तर सोय असावी म्हणून. प्राचार्यांनाही ही सोय ठाऊक होती आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्यालाही. वर्षभरात अशा ओळी किती भरल्या ते मी मोजून ठेवलंय, पण लोकांची लाज राखते.

दुसरा माणूस हरिबा शिपाई. त्याला अक्षर येत नव्हतं. टपाल पोस्टात न्यायचं काम त्याचं. पाकिटं पिशवीत टाकण्याआधी तो प्रत्येक ओळीसमोर एक उभी रेघ ओढायचा. त्याच्याकडे कोण्या सरांनी टाकून दिलेली दोन तोंडांची पेन्सिल होती : साध्या पत्राला निळी रेघ, रजिस्टर पत्राला लाल. ऑफिसातले हसायचे. म्हणायचे, हरिबाची सही साहेबापेक्षा बरी, निदान सरळ तरी आहे.

आणि तिसरी जगदेवी.

ती घाटनांदूरच्या ईश्वरप्पा दुकानदारांची मुलगी. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. तिची गोष्ट मला आधी कळली ती बंकट सरांच्या तोंडून. बंकट सर प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत शहादेवाच्या टेबलावर चहा प्यायचे, म्हणजे जवळजवळ माझ्यावरच. त्यांनी पोरांना युसूफ वडगावच्या बाजूला मांजरेच्या धरणावर नेलं होतं. बाकीच्या पोरींनी नाकाला पदर लावले, पण जगदेवीनं जाळ्यातला जिवंत कटला मासा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, की दुष्काळात धरण आटतं तेव्हा हे कुठं जातात. सर म्हणाले, "लिंगायताची पोर, घरी अंडंसुद्धा फुटलेलं न्हाई, आन् मासा असा धरला जसं लेकरू." त्या दिवशी त्यांचे डोळे चमकत होते. ते खोटं नव्हतं, हे मला आजही म्हणावं लागतं.

मग सरांनीच तिला सांगितलं, की समुद्राकाठी एक मत्स्य महाविद्यालय आहे. मासे आणि जलसंपदा असा अभ्यास आहे. दुसऱ्या वर्षाला बाहेरच्या कॉलेजातले थोडे विद्यार्थी घेतात. आता बाजार मोकळा झालाय, कोळंबी जहाजानं परदेशात चाललीय, या विषयाला दिवस येणार. अर्ज सरांनीच लिहून दिला. गुण चांगले होते. जागा मिळत होती, फक्त आपल्या कॉलेजनं ना-हरकत पत्र टपालानं थेट पाठवायचं होतं, विद्यार्थ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. शेवटची तारीख एकतीस जुलै.

ईश्वरप्पा परवानगीच्या कागदावर सही करायला आले तो दिवस आठवला की अजून हसू येतं. कपाळाला भस्म, हातात पिशवी. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी शहादेवाला हळूच विचारलं, "बाबू, ह्या शिक्षणात मासे किती आन् पाणी किती?"

शहादेव म्हणाला, "निम्मं निम्मं, आप्पा."

आप्पांनी थोडा विचार केला. "मग गावात आमी पाण्याचंच सांगू," असं म्हणून सही केली. उठताना मात्र लेकीला बजावलं, की यंदा झालं तर झालं. यंदा जागा हुकली तर पुन्हा नाव काढायचं नाही, हितंच बीएस्सी करायची. जगदेवीनं मान हलवली. तिला खात्री होती. सर पाठीशी असल्यावर काय हुकणार?

जुलैच्या बारा तारखेला पत्र टाइप झालं. प्राचार्यांची सही झाली. पाकीट शहादेवाच्या टेबलावर आलं. तो माझ्यात लिहिणार, एवढ्यात बंकट सर आले. चहाची वेळ नव्हती.

त्या आठवड्यात संस्थेनं ठरवलं होतं, की दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राची पोरं बारापेक्षा कमी झाली तर तो विषय बंद. यादीत बरोबर बारा नावं होती. एक गेलं की अकरा, आणि अकरा झाले की सर जादा. जादा झालेल्या मास्तरांना कुठल्या आडगावी टाकतात हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक? त्यांचे हुकूम माझ्यातूनच जातात.

सरांनी इकडं तिकडं पाहिलं. "शहादेव, ते जगदेवीचं पाकीट जरा ठेव."

"किती दिवस, सर?"

"एकतीस तारखेपर्यंत."

"म्हंजे कायमचंच की."

शहादेवानं पाकीट खणात टाकलं आणि संध्याकाळी नेहमीसारखी एक ओळ कोरी सोडली. क्रमांक ४१७. हरिबानं त्या दिवशीच्या सहा पत्रांना सहा निळ्या रेघा ओढल्या आणि पिशवी घेऊन गेला.

मित्रांनो, त्यानंतर जगदेवी ऑफिसात अकरा वेळा आली. मी मोजलं. दारात उभी राहायची आणि विचारायची, "काका, पत्र गेलं का?" शहादेव म्हणायचा, "कवाच गेलं, माय." एकदा बंकट सरही तिथंच होते. म्हणाले, समुद्र लांब हाय, पोस्टाला वेळ लागतो. तिनं त्यांच्याकडे बघून मान डोलावली. खणात पाकीट, त्यावर माझं वजन, आणि मला तोंड नाही.

एक ऑगस्टला तिनं एसटीडी बूथवरून त्या कॉलेजला फोन लावला. तुमच्या कॉलेजचं पत्र आलंच नाही, जागा दुसऱ्याला दिली, असं उत्तर आलं. दोन तारखेला ती वडिलांना घेऊन आली. पण बातमी तिच्या आधी पोचली होती. त्या सकाळीच शहादेवानं कोऱ्या ओळीत मोत्यासारख्या अक्षरात पत्त्यासकट सगळं भरलं होतं, आणि खणातलं पाकीट सरांनी कोटाच्या खिशात घातलं होतं.

शहादेवानं मला उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. जगदेवीनं आपलं नाव पाहिलं, तारीख पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. पत्र गेलं होतं म्हणजे दोष टपालाचा. त्याच्याशी कोण भांडणार?

ईश्वरप्पांनी मात्र मला आपल्याकडे ओढलं. तीस वर्षं दुकानात बसलेला माणूस. त्यांचा अंगठा ४१७ वर आला आणि थांबला. वरच्या खालच्या ओळींची शाई तीन आठवड्यांत मळली होती, या ओळीची चकचकत होती. अंगठा पुढं सरकून रेघेच्या जागेवर गेला. वरच्या खालच्या ओळींना निळी रेघ, इथं नुसता कागद. अंगठा तिथं फार वेळ राहिला. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार.

त्यांनी मला मिटलं. म्हणाले, "पत्र गेलंय की, बाई. नशिबात न्हवतं. चल."

आजवर माझ्यात खोटं लिहिलं होतं ते परक्या माणसानं. त्या दिवशी बापानं वाचून खरं केलं.

जगदेवीनं इथंच बीएस्सी केली. बारा पोरं राहिली, सर राहिले. निकालाच्या दिवशी तिनं पेढे आणले, सरांच्या पाया पडली. सरांनी आशीर्वाद दिला आणि पेढा न खाताच खिशात ठेवला. कोट तोच होता.

सत्त्याण्णव साली शहादेव हेडक्लार्क झाला आणि जावकची जागा मोकळी पडली. बंकट सरांनी संस्थेत शब्द टाकला, माझी विद्यार्थिनी आहे, हुशार आहे. काही माणसं उपकार असे करतात, की फेडत आहेत हे आपल्याला कळूच नये. ईश्वरप्पा खूश झाले. लेक सकाळच्या एसटीनं घाटनांदूरहून यायची, संध्याकाळी घरी.

पहिल्या दिवशी शहादेवानं तिला काम समजावलं. रकाने सांगितले, क्रमांक सांगितले, आणि शेवटी कौतुकानं म्हणाला, "आन् रोज एक ओळ कोरी सोडायची, माय. लई कामाला येती."

"कशाला, काका?"

"मागच्या तारखेचं काही निघालं तर घुसवायला."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. हेडक्लार्कच्या खोलीत काहीतरी राहिलंय असं पुटपुटत तो उठून गेला.

जगदेवीनं माझी पानं मागं उलटली. सत्त्याण्णव, शहाण्णव, पंच्याण्णव. जुलै चौऱ्याण्णव. तिचं बोट ओळीवरून रेघेच्या जागेपर्यंत गेलं, तिच्या वडिलांचा अंगठा गेला होता तसंच. दारात हरिबा पिशवी घेऊन उभा होता.

"हरिबा मामा, तुमी कधी रेघ मारायचं इसरता का?"

"घरी जेवलो का न्हाई ते इसरतो, माय. रेघ न्हाई."

"मग हितं कावून न्हाई?"

हरिबानं वाकून पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपल्या रेघा तो ओळखत होता. त्यानं बोटानं मोजल्या. "त्या दिशी सहाच होती. ही ओळ तवा रिकामी होती."

जगदेवीनं पेन उचलला. शेऱ्याचा रकाना तीन वर्षं मोकळाच होता. तिनं लिहिलं : 'पत्र पाठवले नाही.' खाली सही, तारीख. बारा पोरांचा हिशेब तिला ठाऊक होता; एक कमी झाली असती तर जागा कोणाची गेली असती, हे कोणी सांगायला नको होतं. मग ऑफिसच्या रीतीप्रमाणं त्या पानात खुणेचा कागद घालून मला हरिबाच्या हाती बंकट सरांकडे पाठवलं, 'पाहिले' म्हणून सही करायला.

सरांच्या टेबलावर मी दिवसभर होते. त्यांनी तीनदा पेनचं टोपण काढलं आणि तीनदा लावलं. संध्याकाळी मी सहीशिवाय परत आले. सर त्यानंतर ऑफिसात चहाला आले नाहीत.

चार दिवसांनी ईश्वरप्पा बाजाराला आले होते, लेक डबा विसरली म्हणून घेऊन आले. जगदेवीनं डबा घेतला आणि मला उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी पाहिलं. नवा शेरा वाचला. या वेळी अंगठा कागदापर्यंत आलाच नाही.

"आप्पा, तवाच दिसलं होतं का?"

ऑफिसात टाइपरायटर चालू होता. तो थांबेपर्यंत ईश्वरप्पा थांबले.

"दिसलं होतं."

"मग?"

"तू लांब जाशील वाटलं," ते म्हणाले. "मासे म्हणून न्हाई, माय. लांब."

जगदेवीनं मला मिटलं. डबा तिनं उघडला नाही, परतही दिला नाही. तो संध्याकाळपर्यंत टेबलावर माझ्याशेजारी होता. बापलेक त्या दिवशी एकाच एसटीनं घरी गेले असतील. बोलले असतील की नाही, ते माझ्यात येत नाही.

त्यानंतर जगदेवीनं एकही ओळ कोरी सोडली नाही. दिवस संपला की शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ. प्राचार्यांनी एकदा मागची तारीख मागितली, अध्यक्षांच्या मेव्हण्यानं दोनदा. ती मला उघडून दाखवायची, जागा नाही म्हणायची. मेव्हणा म्हणाला, ही पोरगी लई कडक निघाली. शहादेव खाली बघून पान लावत राहिला.

मित्रांनो, माझं शेवटचं पान अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये भरलं. आता पाठ उसवलीय, कोपरे उंदरांनी नेलेत, आणि दरवर्षी रद्दीच्या यादीत माझं नाव येतं. मला जपा असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, सगळ्याच जुन्या वस्तू असं म्हणतात. पुठ्ठा चढवा, दोरा घाला, ते झालंच तर बरं. पण माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही अशा एखाद्या टेबलावर बसाल. कोणाचं तरी पाकीट तुमच्या हाती येईल आणि दारात कोणीतरी उभं राहून विचारेल, गेलं का. त्या दिवशी आधी ते पाकीट पोस्टात टाका आणि मग माझ्यासारखीत लिहा. तुम्ही माझ्यात लिहिता ते लोक खरं मानून घरी जातात.

माझी शेवटची ओळ जगदेवीच्या हातची आहे. कर्मचाऱ्याचा अर्ज, कॉलेजमार्फत. समुद्राकाठचं तेच महाविद्यालय, नोकरी करणाऱ्यांसाठी मत्स्य व जलसंपदा पदविका, एक वर्ष. प्राचार्यांची सही तिनं समोर उभं राहून घेतली. 'रजिस्टर टपालाने' असं लिहिलं. हरिबानं पेन्सिल उलटी केली आणि ती बघत असताना लाल रेघ ओढली. रेघ जरा दाबूनच ओढली. मागच्या पुठ्ठ्यावरसुद्धा तिचा वळ उठलाय.

उत्तर काय आलं ते मला माहीत नाही. येणारी पत्रं आवक रजिस्टरात लिहितात, आणि ते दुसऱ्या कपाटात असतं. मी जावक. मला एवढंच ठाऊक आहे, की या वेळी पत्र गेलं.