शिंप्याचं मौन

पाद्रीबाबांनी आपल्याच गावावर सात कादंबऱ्या लिहिल्या होत्या. नावं बदललेली असली तरी कोण कोण आहे ते सगळ्यांना कळायचं. लोहार चार पुस्तकांत होता, त्याचं गाढवसुद्धा दोन पुस्तकांत होतं. शिंपी मात्र एकातही नव्हता आणि ते त्याच्या जिवाला फार लागलं होतं.

शेवटी त्याने पाद्रीबाबांच्या बहिणीला गाठलं. "ताई, मी दर आठवड्याला येऊन बाबांना घरातलं सगळं सांगतो. बायकोचा रुसवा, सासऱ्याची दारू, काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. तरी मी नाही आणि गाढव आहे?"

"अहो मास्तर, तिथंच तर घोडं अडलंय," ताई म्हणाल्या. "विश्वासाने सांगितलेलं तो कधी लिहीत नाही. लोहार अकरा वर्षं त्याच्याशी बोललेला नाही, म्हणून त्याच्यावर हवं तेवढं लिहितो. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांच्या नव्या झग्याचं माप घ्यायचं होतं. शिंप्याने दातांत टाचण्या धरल्या, छाती मोजली, खांदा मोजला, पण ब्र काढला नाही. पाद्रीबाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळूच वही काढली आणि पहिली ओळ लिहिली.

शिंप्याने बाहीपर्यंत कसाबसा दम धरला. मग टाचण्या तळहातावर काढून तो म्हणाला, "बाबा, कुणाला सांगू नका हं, पण आज मी गप्प का होतो माहितेय?"

पाद्रीबाबांनी उसासा टाकून वही मिटली.