दुसऱ्या छपाईची तबकडी

मित्रांनो, आज माझ्या अंगावर चरे पडले आहेत, तरी एके काळी मला सगळे नवी म्हणत. कारण मी गाण्यांची, दुसऱ्या छपाईची तबकडी आहे. माझ्या थोरल्या बहिणी १९७२ साली निघाल्या. त्यांत मुंबईतल्या चार तरुणांनी गिटार, ऑर्गन, ड्रम आणि सतार एकत्र वाजवली होती. एकेक गाणं अख्खी बाजू व्यापणारं! खप बेताचा, म्हणून कंपनीने थोड्याच तबकड्या काढल्या.

सतार वाजवणारा इंद्रभान खामगावजवळच्या पिंपळगाव राजा या गावचा. त्याने एक तबकडी आईला, सत्यभामाबाईंना, पाठवली. ती वाजवायला घरी यंत्र नव्हतं. बाईंनी ती ओल्या फडक्याने मायेने पुसली आणि वाळायला उन्हात ठेवली. वैशाखातलं ऊन ते! संध्याकाळी पाहतात, तर तबकडीची परात झालेली.

इंद्रभान सुट्टीत आला. "माय, ऐकली का वं?"

"हाव. लई चांगली हाये."

"कोणतं गाणं आवडलं?"

"सारेच."

तिने ती ऐकलेलीच नाही, हे मुलाने ओळखलं. पुढे घरी आला की तो संगीताचा विषयच काढेना.

ते बाईंना खात राहिलं. खामगावात लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या फारुखभाईंना त्यांनी गाठलं. "मले तशीच दुसरी पाह्यजे, भाऊ."

"काकू, ते आता ढुंढूनबी मिळत नाही," फारुखभाई म्हणाले. तरी मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत राहिले. तिकडे मुंबईत कॉलेजची मुलं त्या दुर्मीळ तबकडीच्या मागे लागली. कंपनीने जुना साचा पुन्हा बाहेर काढला, तो तापलेल्या काळ्या लगद्यावर दाबला, आणि मी जन्मले.

मुंबईहून परतणाऱ्या एकाने मला खामगावला आणलं. फारुखभाईंच्या दुकानात मी प्रथम फिरले, तेव्हा बाई पदर सावरून समोर बसल्या होत्या. ड्रम सुरू होताच दचकल्या. "हे काय कुटून राह्यले?" मग सतार आली, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. बाजू संपली.

"आता उलटी करा, भाऊ."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी त्या येत. भाजीची पिशवी पायाशी ठेवून मला पुरती ऐकत. माझं असं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

दिवाळीला इंद्रभान आला, तेव्हा त्याच बोलल्या. "पयली म्या उन्हात वाकडी केली रे. तुह्याशी खोटं बोलली. आता ऐकली. तुही सतार गोड हाये. पण दुसऱ्या बाजूले मधात लई लांबवलं बाप्पा तुम्ही!"

 इंद्रभान डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "माय, हेच तं मी त्या तिघायले सांगत होतो!"

मित्रांनो, आता मला कुणी फारसं वाजवत नाही. आम्हाला कडेने धरा, धुळीपासून जपा, एवढं तर मागतेच. पण मोठी विनंती वेगळी आहे. कुणी आपल्या हातचं काही तुम्हाला दिलं, तर ते नीट पाहिल्या-ऐकल्याशिवाय छान म्हणू नका. थोडा वेळ समोर बसा. आवडलं नाही तर तसं सांगा. देणारा त्याचीच वाट पाहत असतो.